देवांचं सोर्सबुक कसं वाचावं: सोलापूरच्या नव्या गेम मास्टरांसाठी

रोल-प्लेइंग खेळाच्या टेबलावर पहिल्यांदा कुणी क्लेरिक (देवाच्या शक्तीने जादू करणारं पुजाऱ्याचं पात्र) घेतला की दोन-तीन सेशनच्या आत प्रश्न येतोच, "माझा देव नेमका कोण?" रूलबुकात देवाचं नाव, चिन्ह आणि फार तर एखादी ओळ असते. त्यावर थोडे दिवस निभावतं. मग गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा, कुठूनतरी देवांचं जाडजूड सोर्सबुक (माहितीचं पूरक पुस्तक) मिळवतो, पहिल्या पानापासून वाचायला बसतो आणि तिसाव्या पानापर्यंत डोक्यात नावांचा नुसता काला होतो. पुस्तक मिटतं ते पुन्हा उघडत नाही, आणि बिचारा क्लेरिक "मी देवाचं नाव घेऊन जखम भरतो" एवढंच म्हणत राहतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स, पाथफाइंडर किंवा रूनक्वेस्ट यांपैकी काहीतरी नुकतंच खेळायला लागलेल्यांसाठी हे लिहितोय. विशेषतः आपल्या सोलापुरातल्या कॉलेजच्या पोरापोरींसाठी, जी कुणाच्या तरी गच्चीवर किंवा हॉस्टेलच्या खोलीत फासे घेऊन बसतात आणि ज्यांना हे सगळं समजावून सांगायला जवळपास कुणी जुनं माणूस नसतं. माझं म्हणणं एकच आहे: देवांच्या पुस्तकात देव सगळ्यात शेवटी वाचायचा. आधी त्याची माणसं वाचायची. सकाळी उठून ती काय करतात, कोणत्या दिवशी गावभर फिरतात, कशाला हात लावत नाहीत, कुणाशी त्यांचं पटत नाही. एवढं हाती आलं की खेळात देव आपोआप उभा राहतो.

पुस्तकाची जात ओळखा

बाहेरून सारखी दिसली तरी ही पुस्तकं आतून फार वेगळी असतात. हातात आहे ते कोणत्या जातीचं, हे पहिल्या दहा मिनिटांत ठरवा.

सगळ्यात जुनी जात आकड्यांची. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आला आणि १९७६ मध्येच 'गॉड्स, डेमिगॉड्स अँड हीरोज' नावाची पुरवणी निघाली. रॉबर्ट कुंट्झ आणि जेम्स वॉर्ड यांनी ती लिहिली. १९८० मध्ये वॉर्ड यांचं 'डीइटीज अँड डेमिगॉड्स' आलं, त्यातही कुंट्झ यांचा हात होता. या पुस्तकांत ग्रीक, नॉर्स, इजिप्तच्या देवांना राक्षसांसारखेच आकडे आहेत: आर्मर क्लास (वार लागणं किती अवघड) इतका, हिट पॉइंट (किती मार सोसतो) इतके. १९७६ च्या पुरवणीच्या प्रस्तावनेतच म्हटलंय की ज्या टेबलांवर कॅरेक्टर भरमसाट ताकदवान होऊन बसलेत, त्यांना खऱ्या देवांची ताकद बघून आपला वेडेपणा कळावा. हेतू चांगला होता. पण एखाद्या गोष्टीला हिट पॉइंट दिले की ती मारता येते, असा अर्थ खेळाडू काढणारच. नव्या गेम मास्टरला या जातीचा उपयोग कमी. इतिहास म्हणून जरूर चाळा.

दुसरी जात देवळाची. याचा उत्तम नमुना म्हणजे फरगॉटन रेल्म्स या डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या कल्पित जगासाठी १९९६ साली आलेलं 'फेथ्स अँड अवतार्स'. ज्यूलिया मार्टिन आणि एरिक बॉइड यांचं. यात प्रत्येक देवाच्या प्रकरणात पुजाऱ्यांचा दिनक्रम, सण आणि विधी, मोठी ठाणी, देवाशी बांधलेल्या संघटना, पूजेचा पोशाख आणि प्रवासातला पोशाख असे वेगवेगळे भाग आहेत. पुजारी देवळात काय घालतो आणि मोहिमेवर निघताना काय घालतो, हे दोन वेगळे परिच्छेद करावेसे वाटले, यावरूनच लिहिणाऱ्यांनी माणसांचा किती विचार केलाय ते कळतं. पुढे १९९७ मध्ये 'पॉवर्स अँड पॅन्थिऑन्स' आणि १९९८ मध्ये 'डेमिह्युमन डीइटीज' याच धर्तीवर आली. नियम जुन्या आवृत्तीचे आहेत, ते सोडून द्या; बाकीचा मजकूर आजही कोणत्याही टेबलावर चालतो.

तिसरी जात पंथाची, आणि माझं मन हिच्यावर बसलंय. रूनक्वेस्ट ज्या जगात घडतो त्या ग्लोरँथासाठी १९७९ साली केऑसियमने 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' काढलं. स्टीव्ह पेरिन आणि ग्रेग स्टॅफर्ड यांचं. पंधरा पंथ आहेत. त्यांच्या अधूनमधून बितुरियन वारोश नावाच्या एका व्यापाऱ्याची प्रवासकथा चालते: तो प्रॅक्सच्या माळरानावरून हिंडतो, माल विकतो, आणि वाटेत त्या त्या पंथाची माणसं त्याला भेटतात. वाचणाऱ्याला देव भेटतात ते या व्यापाऱ्याच्या डोळ्यांनी. शिवाय पंथात शिरायचं तर पायऱ्या आहेत: आधी साधा भाविक, मग दीक्षा, मग वरचे मान. दीक्षा घेतलेल्याने आपल्या कमाईचा आणि वेळेचा दहावा हिस्सा पंथाला द्यायचा. देव तुम्हाला मंत्र देतो, त्या बदल्यात तुमच्या आयुष्यातलं काहीतरी मागतो, हा व्यवहार इथे स्वच्छ मांडलाय.

एबेरॉन मात्र यांतल्या कशातच बसत नाही. कीथ बेकर यांच्या या २००४ सालच्या जगात देव खरंच आहेत की नाहीत याचा पुरावा कुणाकडेच नाही. क्लेरिकला शक्ती मिळते ती श्रद्धेतून, आणि भ्रष्ट पुजाऱ्याचेही मंत्र चालतात. ज्यांना देवळातलं राजकारण खेळायचंय त्यांनी हे जग जरूर बघावं. पहिल्याच कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला, मात्र नको. देव आहे की नाही हा प्रश्न टेबलावर आला की नवे खेळाडू तिथेच रेंगाळतात.

कोणतं साल चालू आहे ते बघा

ही पायरी छोटी आहे, पण चुकली तर पुढे गोंधळ होतो. या जगांतले देव आवृत्तीनुसार मरतात, बदलतात, परत येतात. फरगॉटन रेल्म्समधली जादूची देवी मिस्ट्रा घ्या. त्या जगाच्या १३५८ साली देव पृथ्वीवर उतरले, त्यात ती मारली गेली आणि मिडनाइट नावाच्या मर्त्य जादूगारणीने तिची जागा घेतली. १३८५ साली तिचाही खून झाला आणि जगातली जादूच कोलमडली. पाचव्या आवृत्तीपर्यंत मिस्ट्रा परतली आहे. म्हणजे १९९६ चं पुस्तक, २००२ चं 'फेथ्स अँड पॅन्थिऑन्स' आणि २०१५ चं 'स्वोर्ड कोस्ट ॲडव्हेंचरर्स गाइड' एकत्र उघडून बसलात तर तिन्हीतला तपशील एकमेकांशी जुळेलच असं नाही. पाथफाइंडरमध्येही युद्धाचा देव गोरम २०२४ च्या पुस्तकांत मारला गेला. त्याआधीच्या पुस्तकांत तो जिवंत आहे.

उपाय सोपा आहे. एक पुस्तक प्रमाण माना आणि टेबलाला तसं सांगून टाका. "आपल्या खेळात या पुस्तकात आहे तेच खरं." इंटरनेटवरच्या विकींमध्ये सगळ्या आवृत्त्या एकत्र मिसळलेल्या असतात, म्हणून तिथून काही घेताना त्या ओळीचं साल आधी बघा.

खिशातून पैसा काढण्याआधी

छापील आयात पुस्तकं विद्यार्थ्याच्या खिशाला जड जातात. आधी फुकट आणि अधिकृत आहे ते वाचा.

पाथफाइंडरसाठी 'आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस' ही साइट आहे. नियमांचा हा अधिकृत साठा सगळ्यांना मोफत खुला आहे, आणि तिचं नावच जादूच्या एका देवावरून ठेवलंय. तिथल्या देवांच्या पानावर प्रत्येक देवाचे 'इडिक्ट्स' आणि 'अनॅथेमा' असे दोन रकाने आहेत: काय करावं आणि काय करू नये. नवशिक्यासाठी यापेक्षा चांगली सुरुवात मला माहीत नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्सचा मूळ नियमसंच, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत आहे. त्याच्या शेवटी ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन आणि केल्टिक देवांच्या याद्या आहेत. याद्या म्हणजे अगदी कोरड्या याद्या, पण नावं आणि डोमेन (देवाची अधिकारक्षेत्रं) एका जागी मिळतात.

जुनी पुस्तकं पीडीएफमध्ये विकत मिळतात. टोळक्यात वर्गणी काढून एक घ्या. छापील पानं हातात असावीत असं वाटत असेल तर विकत घेतलेल्या पीडीएफमधली एका देवाची चार-पाच पानं झेरॉक्सवाल्याकडून काढून आणा. सगळं पुस्तक छापण्याची गरज नसते, कारण सुरुवातीला तुम्हाला एकच देव लागणार आहे.

एक देव निवडा आणि उलट्या क्रमाने वाचा

बहुतेक पुस्तकांत देवाचा जन्म, रूप, सामर्थ्य, आकाशातला महाल हे सगळं आधी असतं. ते सोडून थेट खाली या. आधी दिनक्रम वाचा, मग सण, मग बंधनं, मग वैरी. देवाची कथा सगळ्यात शेवटी. क्रम उलटा घेण्याचं कारण असं की टेबलावर तुमच्या हातात येतं ते खालचंच. खेळाडू विचारतो, "मी देवळात गेलो, काय दिसतं?" तेव्हा देवाचा महाल कोणत्या लोकात आहे ही माहिती काही कामाची नसते. पहाटेच्या देवाचे, लथँडरचे पुजारी सूर्य उगवताना विधी करतात, ही एक ओळ मात्र लगेच कामाला येते: पहाटे देऊळ भरलेलं असणार, पुजारी रात्रीच्या पहाऱ्यानंतर झोपू शकणार नाही, आणि गुहेत सूर्य दिसत नसेल तर तो अस्वस्थ होणार.

आता एक उदाहरण जवळून बघू. पाथफाइंडरमधली सारेनरे सूर्याची, उपचाराची आणि पश्चात्तापाला वाव देणारी देवी. तिचं सांगणं: सोबत्यांचं रक्षण करा, आजारी-जखमींना मदत करा, सुधारू पाहणाऱ्याला संधी द्या, आणि रोवागग या विनाशाच्या शक्तीची पिलावळ नष्ट करा. तिची मनाई: मुडदे उठवू नका, खोटं बोलू नका, पश्चात्ताप झालेल्याला सुधारायची वाट बंद करू नका, आणि दुष्टावर वार करायची वेळ आली की मागे हटू नका.

यातल्या शेवटच्या दोन मनाया एकाच पानावर आहेत, हे लक्षात आलं का? आमच्या टेबलावर फार्मसीच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी सारेनरेची क्लेरिक खेळायची. डाकूंचा म्होरक्या गुडघ्यावर बसून म्हणाला, "मला माफ करा, मी हे सोडतो." बाकीच्यांना तो तिथेच संपवायचा होता. तिने वही उघडली, त्या दोन ओळींवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "याला खरंच वाईट वाटतंय का, हे मला कसं कळणार?" मी म्हणालो, फासा टाक. ती म्हणाली, नको, आधी मी त्याच्याशी बोलते. पुढचा बराच वेळ टेबलावर कुणी फासा उचलला नाही. तिने त्याला त्याच्या गावाबद्दल विचारलं, लुटलेल्या माणसांची नावं विचारली, एकाचंही नाव त्याला सांगता येईना तेव्हा ती गप्प झाली. मग ठरवलं की याला मारायचं नाही, पण मोकळाही सोडायचा नाही. लुटलेल्या प्रत्येक घरी त्याला घेऊन जायचं. पुढची तीन-चार सेशन त्याच वाटेने गेली. पुस्तकातल्या दोन ओळींनी अख्खी गोष्ट दिली, आणि देवी एकदाही समोर आली नाही.

ग्लोरँथातलं असंच एक उदाहरण म्हणजे उपचाराची देवी चलाना अरॉय. तिची दीक्षा घेतलेला माणूस कोणत्याही बुद्धी असलेल्या जिवाला इजा करणार नाही अशी शपथ घेतो. लढाईच्या खेळात असं पात्र! पण टोळीत असं एक माणूस आलं की बाकीचेही तलवार उपसण्याआधी क्षणभर थांबतात. आणि मृत्यूचा देव हुमाक्त याचे अनुयायी? त्यांना देव वरदान देतो आणि प्रत्येक वरदानासोबत आयुष्यभराचं एक बंधन घालतो. शिवाय मेल्यावर त्यांना परत जिवंत करायचं नाही. असा योद्धा खेळणारा खेळाडू जिवावर बेतणारा निर्णय फार वेगळ्या मनाने घेतो.

गड्ड्याला जा, पण डोळे उघडे ठेवून

सोलापूरकरांना ही विद्या शिकायला लांब जायला नको. सिद्धेश्वरांची यात्रा, आपला गड्डा, दर जानेवारीत आपल्या अंगणात भरते. लहानपणापासून आपण होम मैदानावरच्या पाळण्यांसाठी गेलो असू. आता एकदा गेम मास्टर म्हणून, मनापासून, बघायला जा.

सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले शिवयोगी. सोलापूरच्या पंचक्रोशीत त्यांनी ६८ लिंगं स्थापन केली अशी परंपरा आहे. भोगीच्या दिवशी सात नंदीध्वजांची मिरवणूक निघते आणि या ६८ लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात. संक्रांतीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा. कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी लग्नाची इच्छा धरली, तेव्हा त्यांनी आपल्या योगदंडाशी विवाह करायला सांगितलं, ही त्यामागची कथा. किंक्रांतीला होम. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, उंच नंदीध्वज, आणि "एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र" हा गजर.

आता सोर्सबुकाच्या नजरेने काय बघायचं? वाट बघा: मिरवणूक कुठून निघते, कुठे थांबते, कोणत्या क्रमाने. मान बघा: कोणत्या नंदीध्वजाचा मान कोणाकडे आहे, तो कसा चालत आला. पोशाख बघा. कानावर पडणाऱ्या भाषा ऐका: मराठी, कन्नड, तेलुगू. घरातल्या आजीला विचारा की या दिवसांत काय करायचं नसतं. आणि कथा शेवटी ऐका. बहुतेकांना विधी आधी माहीत असतो, कथा नंतर कळते. मुलगा वडिलांच्या खांद्यावर बसून अक्षता टाकतो तेव्हा त्याला कुंभारकन्या ठाऊक नसते. म्हणूनच मी वर उलटा क्रम सांगितला.

नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा मार्कंडेय रथोत्सव असतो, तोही याच नजरेने बघण्यासारखा आहे. विणकरांचं शहर आणि विणकरांचा मूळपुरुष मानलेले ऋषी: धंदा, समाज आणि श्रद्धा यांची गाठ कशी असते ते रस्त्यावर दिसतं. फॅन्टसी पुस्तकांतल्या "हा लोहारांचा देव, ही शेतकऱ्यांची देवी" अशा ओळी वाचताना त्या गाठीची आठवण ठेवा. लोहारांचा देव म्हणजे लोहारांची आळी, त्यांची सुट्टी, त्यांचं जेवण, त्यांची भांडणं.

बघायला जायचं म्हणजे उचलून आणायचं नाही. त्याबद्दल पुढे बोलतो.

आपल्या जगासाठी एक पान लिहा

पुस्तक वाचून झाल्यावर आपल्या टेबलासाठी एक देव स्वतः घडवा. एक पान, त्याहून जास्त नाही. मी इथे एक रचून दाखवतो, हवी असेल तर सरळ वापरा.

जग: पावसाच्या सावलीतला कोरडा मुलूख. शहर: सातवेस, मधोमध एक मोठी विहीर. देवी: ओलाई. चिन्ह: भिंतीवर उमटलेला ओल्या हाताचा ठसा, वाळला की पुन्हा उमटवायचा.

दिनक्रम. रोज तिन्हीसांजेला मापारी नावाची पुजारीण गाठी मारलेला दोर विहिरीत सोडते आणि पाणी किती बोटं उरलं ते मोठ्याने सांगते. ऐकणारे तो आकडा पुढच्या आळीला ओरडून सांगतात, असा तो वेशीपर्यंत पोचतो. पाणी वाढलं तर कुणी टाळ्या वाजवत नाही, घटलं तर कुणी रडत नाही. फक्त आकडा.

करावं: अनोळखी माणसाला नाव विचारण्याआधी पाणी द्यावं. आकडा ऐकला की पुढे सांगावा. करू नये: विहिरीला कुलूप लावू नये. मापाबद्दल खोटं बोलू नये. उष्टं पाणी जमिनीवर फेकू नये, झाडाला घालावं.

सण: पावसाळ्याआधीची शेवटची अमावस्या. सात आळ्यांच्या सात घागरी रांगेने विहिरीवर जातात. पहिल्या घागरीचा मान कुंभारआळीचा, कारण विहिरीचा पहिला थर त्यांनी बांधला. पण यंदा चांभारआळी म्हणते की गेल्या दुष्काळात मोटेची कातडी आम्ही फुकट दिली, मान आमचा.

वैर: धान्यकोठारांचे मालक. त्यांना विहिरीवर पहारा हवाय.

कथा, शेवटी आणि दोनच ओळीत: एका बाईने मरताना आपलं उरलेलं घोटभर पाणी कोरड्या खड्ड्यात ओतलं, आणि खड्डा भरला.

एवढ्यात किती गोष्टी दडल्यात बघा. मापारी सांगते "बारा बोटं", पण दोरावरची ओल दहाव्या गाठीलाच थांबलेली तुमच्या चोराला दिसते. ती खोटं का बोलली? गाव घाबरू नये म्हणून? कोठारवाल्यांनी धमकावलं म्हणून? तुमच्या टोळीतला ओलाईचा क्लेरिक आता काय करेल? मापाबद्दल खोटं बोलणं निषिद्ध आहे, पण खरं सांगितलं तर रात्रीत दंगल होईल. मानाच्या भांडणातून एक संपूर्ण सेशन निघतं, तेही एकही राक्षस न आणता.

नियमांची बाजू पटकन उरका. नवीन डोमेन बनवू नका, असलेलं लावा. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये सात डोमेन आहेत. ओलाईला जीवनाचं किंवा निसर्गाचं डोमेन चालेल. पाथफाइंडरमध्ये करावं-करू नये या रकान्यांत वरच्या ओळी जशाच्या तशा बसतात. मंत्रांची नावं तीच ठेवा, फक्त दिसणं बदला: उपचाराचा मंत्र म्हणजे ओल्या हाताचा ठसा जखमेवर.

घरातला देव टेबलावर नको

१९७६ आणि १९८० च्या त्या पुस्तकांत भारतीय देवतांचंही प्रकरण होतं: इंद्र, अग्नी, काली, सगळ्यांना आर्मर क्लास आणि हिट पॉइंट. दूरदेशी बसलेल्या लिहिणाऱ्यांना त्या केवळ जुन्या पुराणकथा वाटल्या असतील. आपल्याकडे त्या कुणाच्या तरी देव्हाऱ्यात आहेत. ज्या देवीचं दर्शन घ्यायला आई अनवाणी तुळजापूरला चालत जाते, तिला फाशाच्या खेळात पात्र करू नये, असं माझं ठाम मत आहे. सिद्धेश्वरांची यात्रा बघून शिका, पण तिचं नाव, गजर, योगदंड, काहीच उचलू नका. संतांचंही तसंच, पीर-दर्ग्यांचंही तसंच. सोलापुरात एका टेबलावर लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, ख्रिस्ती, धनगर घरातली मुलं सहज एकत्र बसतात. कुणाला कशाने लागेल ते आपल्याला आधी ठाऊक नसतं.

म्हणून पहिल्या सेशनआधी पाच मिनिटं विचारून घ्या: खेळात देव, देऊळ, बळी, शाप असं आलं तर कुणाला नको वाटेल का? कारण विचारू नका. कुणी "मला बळीचा प्रसंग नको" म्हणालं, की नाही आणायचा, संपलं. एखाद्याला देवाचं पात्रच नको असेल तर त्याला योद्धा घेऊ द्या. आणि घरात कुणी मोठ्या माणसाने विचारलं, "हे कसले देव रे?" तर लपवू नका. ओलाईचं पान त्यांना वाचून दाखवा. आमच्या घरी काकांनी ते ऐकून विचारलं होतं की मापारी आजारी पडली तर माप कोण घेतं. तो प्रश्न मी तसाच खेळात घेतला.

पहिलं सेशन

देवाला बोलायला लावू नका. स्वप्न, प्रकाश, आकाशवाणी हे पहिल्या पाच-सहा सेशनमध्ये टाळाच. एकदा देव बोलला की खेळाडू प्रत्येक अडचणीत त्यालाच विचारतात. त्याऐवजी सुरुवातीलाच क्लेरिकला एक रोजचं काम द्या आणि ते टेबलावर करायला लावा. "संध्याकाळ झाली. तू ओलाईची आहेस. इथे विहीर नाही, तुझ्या कातडी पिशवीत पाणी आहे. काय करतेस?" तिने पिशवीवर बोटं ठेवून "चार बोटं" म्हटलं आणि बाजूच्या खेळाडूने आपणहून "चार बोटं" पुढे ओरडून सांगितलं, की समजा काम झालं.

भक्तीचा हिशेब ठेवायची हौस असेल तर डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०२० च्या 'मिथिक ओडिसीज ऑफ थेरॉस' मध्ये सोपी पद्धत आहे. देवाला आवडेल असं केलं की एक गुण वाढतो, उलट केलं की घटतो. ३, १०, २५ आणि ५० गुणांना देव काहीतरी देतो. सुरुवात एकापासून. माझा सल्ला असा की गुण मोजा, पण कुणाचे किती हे खेळाडूंसमोर वाचू नका; नाहीतर गुणांसाठी भक्ती सुरू होते.

विकत घ्यायचंच तर पहिलं कोणतं? पाथफाइंडर खेळत असाल तर २०२० चं 'लॉस्ट ओमेन्स: गॉड्स अँड मॅजिक' किंवा नव्या नियमांवर असाल तर २०२४ चं 'डिव्हाइन मिस्टरीज'. डंजन्स अँड ड्रॅगन्सवाल्यांनी 'फेथ्स अँड अवतार्स' ची पीडीएफ घ्यावी. आणि काहीही खेळत असाल, पुढेमागे 'कल्ट्स ऑफ प्रॅक्स' वाचाच. त्या व्यापाऱ्याच्या प्रवासासाठी तरी.

एक देव टेबलावर रुळला की दुसऱ्याचं पान लिहायला घ्या. तो पहिल्याचा शत्रू नको, शेजारी असू द्या, आणि दोघांचा एकेक नियम एकमेकांना आडवा जाऊ द्या. ओलाईच्या शहरात कुलपांचा आणि वचनांचा देव आणा: ज्याच्या हवाली केलं त्याने जपायचं, आणि जपायचं म्हणजे कुलूप लावायचं. त्याचे भक्त वाईट नाहीत, विधवांचं धन तेच सांभाळतात. मग एका सकाळी विहिरीच्या तोंडावर कुलूप दिसू द्या. ते कुणी लावलं आणि का, हे तुम्ही आधी कागदावर लिहून ठेवा. किल्ली कुणाकडे आहे ते खेळाडूंना शोधू द्या.